घोडीचा घसारा

आमच्या कळव्यातल्या बिल्डिंगीत सोळा बिऱ्हाडं आहेत. त्यांपैकी नऊ जणांच्या दारावर घोड्याची नाल ठोकलेली आहे. घोडा एकाकडेही नाही. नाल सापडली म्हणून घोडा घेणाऱ्या माणसाची म्हण आपल्याकडे आहे खरी, पण वन-रूम-किचनमध्ये ती अर्धीच अमलात आणता येते.

दारावर नाल असली की शनी आत येत नाही म्हणतात. एकदा मी हिला विचारलं, "एक नाल ठोकली तर आपली साडेसाती टळते. मग ज्याच्या पायांत अशा चार ठोकलेल्या असतात, त्या घोड्याची साडेसाती जन्मभर का सुटत नाही?"

"ठोकायला त्याला दार असतं का?" ही म्हणाली आणि कुकरच्या शिट्या मोजायला आत निघून गेली. घरात तर्कशास्त्र वापरायचं मी त्या दिवसापासून सोडून दिलं.

बाकीच्या आठ जणांनी आपापली नाल शनिवारी फेरीवाल्याकडून घेतलेली आहे. 'असली काळ्या घोड्याची' असं तो सांगतो. पण ती इतकी नवीकोरी असते की तो काळा घोडा बहुधा जन्मभर पलंगावर पडून असावा. आमची नाल मात्र खरी आहे. पुढच्या कडेला ती झिजून जुन्या चार आण्याच्या नाण्याइतकी पातळ झाली आहे, आणि ती कुणाच्या पायातली हेही मला ठाऊक आहे. माथेरानच्या राणीच्या. उजव्या पुढच्या.

राणी ही घोडी आहे, हा खुलासा आताच केलेला बरा. बँकेत मी एकदा 'राणीच्या पायाला बरं नाही, रविवारी माथेरानला जाऊन येतो' असं म्हणालो होतो, तेव्हा कॅश काउंटरवर नोटा मोजायचं यंत्रसुद्धा थांबलं होतं.

राणीची आणि माझी ओळख सरकारी योजनेतून झाली. 2015 साली माझी बदली कर्जत तालुक्यातल्या एका शाखेत झाली होती. त्या वेळी कळव्याहून कर्जतला जाणं ही एक साधना होती. कर्जत लोकल कळव्याला न थांबता सरळ पारसिकच्या बोगद्यात शिरायची. म्हणून आधी उलटं ठाण्याला जायचं, तिथे तिच्यात घुसायचं आणि आपल्याच घराच्या दिशेने परत यायचं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुद्रा योजना सुरू झाली. तिच्यातल्या 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळायचं. शिशु गटात अर्ज घेऊन आले ते साठीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ. माथेरानला पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा धंदा. सगळे त्यांना मामा म्हणत. कर्जाचं कारण : 'दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणणे.'

आमच्या साहेबांनी आयुष्यभर शिलाई यंत्रं, पिठाच्या गिरण्या आणि रिक्षा यांनाच कर्जं दिलेली. फॉर्मात 'यंत्राचा मेक आणि मॉडेल' असा रकाना होता. मी तिथे 'काठेवाडी मिश्र, वय चार' असं लिहिलं. घोडी बँकेकडे नजरगहाण राहिली. नजरगहाण म्हणजे वस्तू कर्जदाराकडे आणि तिच्यावर नजर बँकेची. वर्षातून एकदा जाऊन गहाण वस्तू जागेवर आहे का हे पाहून यायचं. पाहणीला साहेबांनी मला पाठवलं, कारण साहेबांना घोड्यांची भीती वाटे. मलाही वाटे, पण क्लार्कच्या भीतीला बँकेत हेड नाही.

पाहणीला गेलो तेव्हा सोबत आमची पाच वर्षांची कन्या होती. मामांनी तिला उचलून राणीवर बसवलं. त्या दिवसापासून कन्येच्या आयुष्यात आईबापांचा क्रमांक दुसरा झाला.

मामांनी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत हप्ता भरला. तीन वर्षांत एकदाही चुकला नाही. फॅक्टऱ्यावाले थकबाकीत जात होते, आणि घोडीवाला वेळेवर येत होता. 2018 मध्ये कर्ज फिटलं, त्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही नाल त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "साहेब, बँकेचं फिटलं. ही राणीकडनं तुमाला."

त्यानंतर माझी बदली परत ठाण्याला झाली. माथेरानला जाणं वर्षातून एकदा व्हायचं. माथेरानबद्दल आम्हा ठाणेकरांना जरा हक्कानंच वाटतं, कारण 1850 साली ते शोधून काढलं ह्यू मॅलेट साहेबानं, आणि तो ठाण्याचा कलेक्टर होता. म्हणजे ऑफिसच्या कामासाठी बाहेर पडून थंड हवेचं ठिकाण शोधायची परंपरा आमच्या जिल्ह्यात पावणेदोनशे वर्षांची आहे.

2024 च्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा माझी उजवी टाच दुखत होती. बँकेचे काळे कडक बूट पंचवीस वर्षं वापरल्याचा तो बोनस होता. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे सगळा पायी किंवा घोड्यावरचा कारभार. मी लंगडत नाक्यावर उतरलो, तर समोर मामा राणीला घेऊन उभे. राणीही एक पाय हलका टेकवून उभी होती. उजवा पुढचा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे समदुःखी नजरेनं पाहिलं. नजरगहाणाचं हे कलम बहुधा फॉर्मात छापायचं राहून गेलं असावं.

"घसरली," मामा म्हणाले. "ठोकरांवर आली. गुडघं फुटलं. नशीब, वर पोरगं नव्हतं कुनाचं."

माथेरानचा रस्ता तांबड्या मातीचा, जांभ्या दगडाचा. पावसाळ्यात माती वाहून जाते, उन्हाळ्यात धुरळा उडतो. म्हणून मुख्य रस्त्यावर मातीचे भाजलेले पेव्हर ब्लॉक बसवले गेले. त्याचा फायदा नाही असं नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांना चालायला बरं, 2022 च्या डिसेंबरात प्रायोगिक म्हणून सुरू झालेल्या ई-रिक्षांनाही बरं. घोडेवाल्यांची तक्रार मात्र पहिल्यापासून होती : उतारावर, त्यातून ओल्या ब्लॉकवर घोडा घसरतो. मी मामांना नीट समजावून सांगायला सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, पत्र्याच्या चपला घाला आन् ओल्या मोरीत चालून बगा. मंग समजंल."

समजलं. मग त्यांनी हळूच दुसरी गोष्ट सांगितली. कल्याणकडचा एक वरातीवाला राणीला मागत होता. "वरातीत काय, दोन तास उभं ऱ्हायाचं. पन बँडचा आवाज, फटाकडं, डांबर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कन्येनं ते ऐकलं आणि परतीच्या प्रवासात नेरळपासून कळव्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. चौदा वर्षांची मुलगी दोन तास बोलत नाही म्हणजे बापाच्या खिशाला तो धोक्याचा इशारा असतो.

आठ दिवसांत ती घोड्याच्या पायावर पंडित झाली. दहावीचं वर्ष तोंडावर आलेलं. ही म्हणाली, "घोडी झालीस, आता तरी अभ्यास कर!" तर कन्या म्हणते, "आई, घोडीचाच करतेय!"

त्या अभ्यासाचा सारांश मला रोज रात्री जेवताना मिळू लागला. घोडा म्हणजे मधल्या बोटाच्या नखावर उभा राहिलेला प्राणी. चारही पायांना एकेकच बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं जाडजूड नख. आपली नखं वाढतात तसा खूरही वाढतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, कधी त्याहून थोडा कमी. मोकळ्या रानात चालताना तो खालून झिजतो आणि वरून वाढतो.

मी घास तोंडाशी नेता नेता थांबलो. बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. यंत्र घ्या, इमारत घ्या, ती दर वर्षी झिजते. त्या झिजेपोटी हिशेबात रक्कम कापून ठेवायची. सरळ रेषेची पद्धत झाली, घटत्या शिलकेची पद्धत झाली. पण जी मालमत्ता खालून झिजते आणि वरून आपोआप भरून येते, तिचा घसारा कसा धरायचा हे सरांनी सांगितलं नव्हतं. देवानं काढलेलं हे खातं जमाखर्च समान ठेवून चाललं होतं. घोटाळा माणसानं केला. त्यानं घोड्यावर ओझं घातलं, त्याला दगडी रस्त्यावर आणलं, आणि खर्च जमेपेक्षा वाढला. तूट भरून काढायला त्यानं लोखंडी नाल शोधली.

नाल लावली की झीज थांबते. पण वाढ थांबत नाही. म्हणून दर महिना-दीड महिन्याला नालबंदाला बोलवायचं, नाल उपटायची, वाढलेला खूर कापायचा, कानस मारायची आणि पुन्हा खिळे ठोकायचे. खुराच्या बाहेरच्या भिंतीला जाणीव नसते, त्यामुळे नीट ठोकलेला खिळा घोड्याला कळत नाही. पण खिळा वितभर चुकायला नको, दोन गव्हांएवढा चुकला तरी जिवंत भागात जातो आणि घोडा लंगडतो.

"आणि बाबा," कन्या म्हणाली, "पाय टेकला की खूर टाचेकडे किंचित पसरतो. मधली मऊ गादी दाबली जाते, आणि खालचं रक्त वर ढकललं जातं. लोखंड ठोकलं की तो पसरायला कमी वाव मिळतो."

त्या मऊ त्रिकोणी गादीला इंग्रजीत बेडूक म्हणतात. इंग्रजांनी घोड्याच्या तळपायात बेडूक का पाहिला, हे मला कळलेलं नाही. पण ज्यांनी माथेरानात पॅनोरमा पाहिला त्यांना काहीही दिसू शकतं.

यावर तिनं शोधून काढलेला उपाय म्हणजे घोड्याचे बूट. रबरासारख्या चिवट पदार्थाचे, तळाला टायरसारखी नक्षी, वर पट्टे. कामाला जाताना घालायचे, घरी आलं की काढायचे. मी हसलो. मग तिनं मला इतिहास ऐकवला. रोमन लोक घोड्याच्या पायाला चामड्याच्या पट्ट्यांनी लोखंडी चप्पल बांधत. खिळ्यांची नाल युरोपात रूढ झाली ती साधारण हजार वर्षांपूर्वी. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, झेनोफॉन नावाच्या ग्रीक सेनापतीनं घोड्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात नालेचं नाव नाही, उलट तबेल्याच्या अंगणात गोटे पसरा म्हणजे खूर आपोआप टणक होतील, असा सल्ला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गवत कापायचं यंत्र घोडा ओढायचा, तेव्हा त्याला चामड्याचे बूट घालत. कशासाठी? तर नालेनं साहेबाची हिरवळ खराब होऊ नये म्हणून! म्हणजे बूट घोड्याला आणि काळजी गवताची. आताच्या तऱ्हेचे बूट 1970 च्या दशकात अमेरिकेत निघाले, तेही आधी नाल निखळली तर घरी पोचण्यापुरती स्टेपनी म्हणून. घोड्याच्या पायासाठी घोड्याच्या पायाचा विचार करायला माणसाला एवढा वेळ लागला.

"किंमत?" मी विचारलं. कॉमर्सचा माणूस इतिहासानं विरघळत नाही.

एक बूट, परदेशातून, टपाल आणि जकात धरून नऊ हजारांच्या घरात. मी त्याच आठवड्यात टाचेसाठी मऊ तळव्याचे बूट घेतले होते, जोडी अकराशेची, आणि ती घेतानाही दुकानदाराशी घासाघीस केली होती. मी 'नाही' म्हणालो. कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमची टाच दुखली तर आठ दिवसांत मऊ बूट आले."

बस्स. एवढंच. या वाक्यावर मी रात्रभर कूस बदलत होतो.

तरी पहिला हिशेब मी सावधपणे केला : हे बूट सुटे मिळतात, तर आधी नमुन्याला एकच मागवू. माप घ्यायला रविवारी माथेरान गाठलं. हिच्या शिवणाच्या पेटीतली टेप घेऊन मी राणीच्या पायाशी बसलो. सभ्य माणसानं घोड्याच्या पायाशी बसावं तसा, म्हणजे पळायच्या तयारीत. नाल पायात होती, खूर सहा आठवड्यांचा वाढलेला होता. रुंदी इतकी मिलिमीटर, लांबी इतकी. कन्येनं वहीत लिहिलं. शेजारी मामांचा जुना नालबंद बिडी ओढत सगळं बघत होता. तो एकच वाक्य बोलला, "केस कापायच्या आधी टोपीचं माप घेतायसा."

आम्ही हसलो. परदेशी शास्त्रापुढे बिडीचं मत कोण विचारात घेतो?

दीड महिन्यानं पार्सल आलं. वॉचमननं विचारलं, "साहेब, एकच बूट?" मी म्हणालो, "नमुना आहे." तो माझ्या दोन पायांकडे बघत राहिला.

मधल्या काळात नालबंदानं नाल काढून खूर कापला होता, आणि माप बदललं होतं. बूट राणीच्या पायात असा गदगदा हलू लागला, जसा लग्नात उसना आणलेला कोट. शंभर पावलांत तो गिरक्या घेत निघून पडला. नऊ हजार रुपये लाल मातीत आडवे पडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. नालबंदानं बिडी विझवली. त्याच्या जागी मी असतो तर 'सांगितलं होतं' असं म्हणालो असतो. तो म्हणाला, "आना टेप. आता घ्या माप." खरं शास्त्रही हेच होतं : आधी खूर कापून सारखा करायचा, मग लगेच माप घ्यायचं, आणि दर वेळी कापल्यावर बसतं का हे पुन्हा पाहायचं. कन्येच्या वहीत ते पान सातव्या क्रमांकावर होतं. आम्ही पाच पानांवरच भारावून गेलो होतो.

आता दोन बूट मागवायचे, पुढच्या पायांचे. घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून सुरुवात तिथून. पण पैशाचा प्रश्न आला तेव्हा मामा अडून बसले. "फुकाट नको साहेब. बँकेतनं हुईल का?"

मी नजरेसमोर फॉर्म आणला. 'कर्जाचे कारण : घोडीचे बूट.' आमच्या आत्ताच्या साहेबांचा चेहराही आणला. मग म्हणालो, "मामा, हे कर्ज माझं. महिन्याला पाचशे. व्याज नाही. पाच तारीख." पंचवीस वर्षं मी दुसऱ्याच्या पैशाची कर्जं लिहिली, स्वतःच्या पैशानं दिलेलं हे पहिलं. ना जामीन, ना शिक्का, ना साहेबांची सही. रात्री झोप मात्र चांगली लागली. ऑडिटची भीती नव्हती. ऑडिटर स्वयंपाकघरात होती, आणि तिनं 'दिलेत ते बरं केलंत' एवढाच शेरा मारला.

त्या वर्षी डिसेंबरात राणी बूट घालून पहिल्यांदा रस्त्यावर आली. बूट बसले होते. मामा लगाम धरून पुढे निघाले आणि दहा पावलांवर थांबून मागे वळले. पुन्हा दहा पावलं, पुन्हा वळले.

"काय झालं मामा?"

"आवाजच नाय साहेब! घोडी मागं हाय का नाय, कळंना!"

तेव्हा मला उमगलं की हा माणूस जन्मभर घोडी कानानं सांभाळत आला होता. टापांच्या तालावरून त्याला कळायचं : दमली, भ्याली, लंगडते आहे. आम्ही तिच्या पायातलं लोखंड काढलं, आणि त्याच्या कानातलं संगीतही. महिनाभर ते असे दर दहा पावलांवर मागे बघत चालायचे. मग सवय झाली. कन्येनं घुंगरू सुचवलं, मामा म्हणाले, "घोडीच ऱ्हाऊ दे."

उतारावर राणी घसरेनाशी झाली. रबर ब्लॉकला धरून राहतं, लोखंड तसं धरत नाही. यात चमत्कार काही नाही, मोरीतल्या रबरी सपातांचंच तत्त्व. पर्यटक फोटो काढू लागले. 'स्पोर्ट्स शूजवाली घोडी' म्हणून पोरं राणीवरच बसायचा हट्ट धरू लागली. कल्याणचा वरातीवाला पुन्हा आला, त्याला मामांनी चहा पाजून वाटेला लावलं.

पण घोड्याचे बूट म्हणजे सर्व रोगांवर एकच मात्रा, असं कुणी सांगितलं तर त्याला आमच्याकडे पाठवा. बूट रोज काढून धुवावे लागतात. आत खडा राहिला तर खूर घासतो; पट्टा चुकला तर टाचेवरची कातडी सोलते. पहिल्या महिन्यात एकदा सोलली, आणि आठ दिवस राणी बिनकामाची उभी राहिली. त्या महिन्याचा हप्ता मी मागितला नाही, पण मामांनी चार तारखेलाच पाठवला. जन्मभर नाल लावलेल्या घोड्याचा खूर एकदम उघडा केला तर खडे बोचतात. सवय व्हायला महिने जातात. आणि पावसाळा! 2025 च्या जुलैत चिखलानं एक बूट पायातून ओढून काढला. मिळाला तेव्हा तो धुऊन कठड्यावर वाळत ठेवला, तर माकडानं पळवला. माथेरानच्या माकडांनी आजवर चष्मे, चिक्की, पर्स आणि बटाटेवडे पळवले आहेत. घोड्याचा बूट पळवणारं ते पहिलंच. झाडावर बसून त्यानं तो हातात घालून पाहिला, डोक्यावर ठेवून पाहिला, आणि माप चुकलं असं बघून खाली टाकला. आमच्यापेक्षा त्याचा निर्णय लवकर झाला.

शेवटी तोडगा काढला तो नालबंदानं. चिखलाच्या आणि खडकाच्या वाटांसाठी मागच्या पायांत नाल. पुढच्या पायांत बूट. राणी आता पुढून एकविसाव्या शतकात आणि मागून दहाव्या शतकात चालते. आपला देशही बऱ्याच बाबतींत असाच चालतो, आणि पोचतो.

ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं न्यायालय म्हणालं. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक राहतील, आतल्या वाटांवर नकोत, असंही म्हणालं. हातरिक्षा ओढणाऱ्यांचे पाय निदान न्यायालयाला दिसले. मामांनी बातमी ऐकली आणि राणीच्या पायाकडे बघून म्हणाले, "म्हंजे बूट लागनारच."

मागच्या खेपेला गेलो तेव्हा नालबंदानं मला बोलावून राणीचा पुढचा पाय उचलून दाखवला. वर्षापूर्वी आखडलेली टाच रुंदावली होती, मधली गादी भरून आली होती. "टाच उघडली," तो म्हणाला. त्याच्या तोंडून परदेशी वस्तूला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक. नालेचे पैसे अर्धे झाले, तरी तो खुशीत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कापायला तर मीच लागतो ना."

संध्याकाळी मामांनी राणीला ठाणावर नेलं, खोगीर उतरवलं, आणि खाली बसून एकेक पट्टा सोडून दोन्ही बूट काढले. राणीनं उघडा पाय लाल मातीत टेकवला, किंचित दाबला, आणि असा लांब फुरफुराट केला की मला ठाणे स्टेशनवर बसायला जागा मिळाल्यावरचा माझाच उसासा आठवला. एवढाच फरक. झीज दोघांत होते, नालेत आणि बुटात. पण बूट रात्री काढता येतो. ज्या वस्तूचे खिळे आपल्यात ठोकलेले असतात, ती आपल्याबरोबर झोपायलाही येते. मला पाच तारखा, ऑडिट, बदल्या, साहेबांचे चेहरे असं बरंच काही आठवलं, आणि मीही बूट काढून मातीत पाय टेकवला. डॉक्टरांनी अनवाणी चालायला सक्त मनाई केली आहे. मी चाललो नाही, नुसता उभा राहिलो.

"साहेब, खडं बोचतील," मामा म्हणाले.

"बोचू द्या. महिने लागतात सवयीला."

राहिला तो पहिला, मोठ्या मापाचा बूट. परत पाठवायचा खर्च परवडेना. नऊ हजारांची वस्तू माळ्यावर टाकवेना. हिनं एक दिवस तो उचलला, माती भरली आणि त्यात कोरफड लावली. पाणी निघून जायला तळाला भोकं आयतीच होती. आता तो आमच्या दाराशी असतो. वर नाल, खाली बूट. परवा शेजारच्या काकू विचारत होत्या, हे कशाच्या शांतीसाठी, आणि कुठे मिळतं?

मी किंमत सांगितली. त्या म्हणाल्या, "शनीपेक्षा महाग पडतं हो."